गोमाबाबांचा बांध आणि साळवे बाई

साळवे बाईंनी माझ्यासमोर एकदाच आवाज चढवला, आणि तोही एका कुलपावरून.

मी तेव्हा एका ट्रस्टच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर सिस्टर होते. डोंबिवलीहून दिव्याकडे जाताना खाडीच्या बाजूला आत वळलं की एक जुनं आगरी गाव लागतं. एकेकाळी भातशेती करणारं, आता जमिनी बिल्डरला देऊन बंगले बांधलेलं. दर बुधवारी आमची गाडी तिथल्या समाजमंदिरापाशी उभी राहायची. गावात विसरायला लागलेली म्हातारी माणसं बरीच होती. डॉक्टर बीपी बघायचे, गोळ्या लिहून द्यायचे. घरचे म्हणायचे, म्हातारचळ लागलाय, चालायचंच. त्या माणसांसाठी काहीतरी करू या, म्हणून ट्रस्टने साळवे बाईंना आणलं.

बाई ठाण्याच्या. कोपरीत राहायच्या. म्युनिसिपालिटीच्या शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या. बुटक्या, सावळ्या, गुडघ्याने अधू. ट्रस्टच्या बोर्डावर त्यांच्या नावापुढे ‘आर्ट थेरपिस्ट’ असं लिहिलेलं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसलं. म्हणाल्या, मी कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे, पण या माणसांना कळेल असं लिहा. मग मीच खडूने ‘चित्राच्या बाई’ असं लिहिलं. तेच नाव पडलं.

रंग कालवायला त्या इडलीपात्र आणायच्या. त्याच्या वाट्यांमध्ये पाच-सहा रंग, मधे पाणी. जिच्या हाताला कापरं आहे तिच्या ब्रशला त्या जुनी चिंधी गुंडाळून मूठ जाड करून द्यायच्या. कुणीतरी मोठ्या मनाने लहान मुलांची रंगवायची पुस्तकं पाठवली, बदकं आणि फुगे असलेली. बाईंनी ती तशीच परत पाठवली. ही माणसं मोठी आहेत, एवढंच कारण सांगितलं.

घरच्यांसाठी त्यांचे नियम कडक होते. ‘मला ओळखलंस का’ हे विचारायचं नाही. चित्राकडे बोट दाखवून ‘हे काय काढलंय’ म्हणून विचारायचं नाही. आणि चित्राला उगाच ‘छान’ म्हणायचं नाही. बामाबाई नावाच्या एक आजी नुसते हिरवे ठिपके काढायच्या, रांगेने, मागे मागे सरकत. लेक वैतागायची, ही काय थेरपी, नुसते ठिपके. बाई म्हणाल्या, वाट बघा. काही आठवड्यांनी बामाबाईंनी मान वर केली आणि लेकीला दटावलं, ‘पाय काढ तिथून, आताच लावलाय.’ भाताची लावणी चालली होती ती. लेक पटकन बाजूला झाली आणि मग तिथेच फरशीवर खाली बसली.

तर कुलपाची गोष्ट. गावातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत गोमाबाबा होते. ऐंशीच्या पुढचे, पण हाडापेराने दणकट. बीपी बघायला मी गेले, बाईही सोबत आल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. आत कुणीतरी दारावर तळवे मारत होतं, थांबून थांबून. बाईंनी कुलूप हातात धरलं.

‘आत माणूस आहे ना?’ त्या ओरडल्या. ‘मग हे कशाला?’

बाबांची सून, सुगंधा, किल्ली घेऊन आलेली ती तिथेच थबकली. मग तिने ब्लाऊजची बाही वर केली. दंडापासून कोपरापर्यंत जखमेचा वण होता. फावड्याचा.

गोमाबाबा पूर्वी गावच्या खारबंदिस्तीचे राखणदार होते. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांब बांध असायचा, त्याची राखण त्यांच्याकडे. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती आली की बांधाला भगदाड पडायचं. त्याला ते लोक खांड म्हणतात. खांड पडली की रात्री-अपरात्री उठून चिखलात उतरायचं आणि ढेकळं रचून ती बुजवायची. सगळं आयुष्य त्यात गेलेलं. आता शेत भरावाखाली गेलं होतं, त्यावर टॉवर उभे राहिले होते. पण उधाण जवळ आलं की बाबा अस्वस्थ व्हायचे आणि फावडा उचलून खाडीकडे निघायचे. त्यांना लेकाचं नाव आठवत नव्हतं, भरती मात्र बरोबर कळायची. आदल्या वर्षी ते असेच गेले आणि मासे धरणाऱ्या लोकांनी त्यांना चिखलातून ओढून आणलं. त्यानंतर सुगंधाने वाट अडवली तर त्यांनी फावडा चालवला. त्यांना ती कुणी परकी वाटली होती, बांधाकडे जाऊ न देणारी.

संध्याकाळी लेक जनार्दन भेटला. त्याने शांतपणे विचारलं, ‘बाई, तुम्ही कुलूप काढायला सांगता. उद्या कमी-जास्त झालं तर जबाबदारी कोन घेनार?’

‘मी घेईन,’ बाई म्हणाल्या.

परतताना गाडीत मी त्यांना म्हटलं की असं बोलायला नको होतं. मग त्यांनी नवऱ्याबद्दल सांगितलं. साळवे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर विसरायला लागले आणि घरातले सगळे स्क्रू उघडायला लागले. नळ, पंखा, दाराच्या बिजागऱ्या. एकदा गॅसची शेगडी उघडली. सगळ्यांनी सांगितलं, हात बांधून ठेवा. बाई भंगारवाल्याकडे गेल्या आणि डबाभर नट-बोल्ट घेऊन आल्या. दिवसभर ते लावायचे, काढायचे, परत लावायचे. ‘जाईपर्यंत ते कामावर होते,’ बाई म्हणाल्या. ‘मी फक्त माल पुरवला.’

गोमाबाबा बुधवारी समाजमंदिरात यायला लागले. जनार्दनची अट होती, दाराशी सुगंधाने बसायचं. दार लावून घ्यायचंही ठरलं होतं, पण दार लोटलं की बाबांचा हात थांबायचा आणि ते दाराकडे बघत बसायचे. म्हणून बाईंनी ते उघडं ठेवायला लावलं. सुगंधा बसायची, पण बाईंकडे फारसं बघायची नाही. पहिल्याच दिवशी तिच्या सासूने बाईंना विचारलं होतं, कंच्या तुम्ही. बाईंनी सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध. त्यानंतर सगळ्यांचा चहा कपात आला, बाईंचा कागदाच्या ग्लासात. बाईंनी तो ग्लास बाजूला ठेवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्यायल्या. त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. चहा मात्र त्या घरात परत घेतला नाही.

बाबा काळ्या रंगाने एकच गोष्ट काढायचे. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड पट्टा, आणि मध्ये एक फट. फटीपाशी आले की त्यांचा हात अडायचा. रंग बोटाने चाचपायचे, हुंगायचे आणि कागद ढकलून द्यायचे. बाईंना वाटलं, त्यांना हे सामानच पटत नाही. पुढच्या बुधवारी त्या लवकर आल्या, खाडीवर गेल्या आणि डबाभर काळा चिखल घेऊन आल्या. त्यात डिंक कालवला आणि बाबांपुढे ठेवला.

बाबांनी त्यात हात घातला. नाकाशी नेला. आणि कित्येक महिन्यांत न बोललेला तो माणूस स्वच्छ आवाजात म्हणाला, ‘माती चांगली हाय. ही धरल.’

त्या दिवशी त्यांनी फट बुजवली. सुगंधा दाराशी उभी राहून बघत होती. संध्याकाळी बाबा जेवले आणि झोपले. सगळ्यांना वाटलं, जमलं. मलाही वाटलं.

श्रावणातला तो बुधवार पौर्णिमेचा होता. ते उधाणाचं पाणी म्हणजे वर्षातलं मोठं. सुगंधाने सकाळीच फोन करून सांगितलं की मामा, म्हणजे सासरे, रात्रभर येरझाऱ्या घालतायत, आणू का नको. बाई म्हणाल्या, आजच आणा. आज ते घरात राहिले तर दार फोडतील.

बाबा आले आणि चिखलावर तुटून पडले. कागद पुरेना. बाई एकाला एक कागद जोडत गेल्या. दुपारी बामाबाईंना एकदम चक्कर आली, त्या खुर्चीवरून कोसळल्या आणि कपाळ फुटलं. रक्त बघून बाकीच्या म्हाताऱ्या रडायला लागल्या. मी धावले, बाई धावल्या, सुगंधाही दार सोडून आली. जखम दाबून धरली, बामाबाईंना आडवं केलं, पट्टी बांधली. मग बाईंनी मागे वळून बघितलं.

कागदांवर बांध अर्धाच झाला होता. डबा रिकामा होता. बाबा नव्हते.

बाईंनी सुगंधाचे खांदे धरले आणि जनार्दनला फोन लावायला सांगितलं. बामाबाईंपाशी डॉक्टर बसले. बाई आणि मी निघालो. भरावाच्या मैदानातून, सिमेंटच्या गोण्या आणि पत्रे ओलांडत, टॉवरच्या मागे. बाईंचा गुडघा वळत नव्हता, त्या पाय ओढत होत्या आणि मी वळून थांबले की म्हणत होत्या, जा, थांबू नका.

टॉवरच्या मागे तिवरांची झाडी आहे आणि तिच्या आत जुन्या बांधाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. त्यात मोठं भगदाड होतं. बाबा त्या भगदाडात मांड्यांपर्यंत चिखलात उभे होते आणि दोन्ही हातांनी ढेकळं रचत होते. रचलेली ढेकळं पाणी घेऊन जात होतं. खाडीचं पाणी तिवरांच्या मुळ्या बुडवून वर येत होतं, आवाज न करता.

मी ओरडले, ‘बाबा, बाहेर या!’ त्यांनी एक वासा उचलला आणि माझ्यावर रोखला. त्यांच्या डोळ्यांत ओळख सोडा, दयासुद्धा नव्हती. मी मागे झाले.

बाई पोचल्या. त्यांनी मला हाताने गप्प केलं. पदर खोचला, चपला काढल्या आणि बसत बसत उतरल्या. चिखलाने त्यांचे पाय धरले तेव्हा त्या एकदा कण्हल्या, तेवढंच.

‘बाबा,’ त्यांनी विचारलं, ‘खांड केवढी आहे?’

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. वासा खाली आला.

‘मोटी हाय. हात लाव.’

आणि बाईंनी हात लावला. बाबा सांगायचे तिथून चिखल काढायचा आणि ते दाखवतील तिथे दाबायचा. मी वर उभी राहून बघत होते. मला पोहता येत नाही. पाणी बाईंच्या कमरेला लागलं. त्यांनी एकदाही ‘चला’ म्हटलं नाही. मला वाटलं, ही बाई दोघांनाही घेऊन बुडणार आणि मी इथे उभी राहून बघणार.

जनार्दन आला, सोबत गावातली चार माणसं, दोर घेऊन. बापाला बघून तो तसाच उडी मारायला निघाला. बाई मागे न वळता बोलल्या, आवाज अगदी वर्गातल्यासारखा.

‘जनूभाऊ, ओढायला येऊ नका, ते आणखी आत जातील. यायचंच असेल तर ढेकूळ घेऊन या.’

तो क्षणभर उभा राहिला. त्याच्या पायात महागडे बूट होते, ते त्याने काढलेही नाहीत. बांधाच्या कडेचं एक मोठं ढेकूळ उपटलं, छातीशी धरलं आणि उतरला. बापाला ते दिलं. बापाने घेतलं, दाबलं, हात पुढे केला. जनार्दनने दुसरं दिलं. लहानपणी त्याने हे काम केलं असणार, कारण त्याला काही सांगावं लागत नव्हतं. थोड्या वेळाने बाबांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

‘कंच्या गावचा रं तू?’ त्यांनी विचारलं. ‘हात चांगला हाय तुजा.’

जनार्दनचा चेहरा मला दिसत नव्हता. तो म्हणाला, ‘हितलाच हाय.’

पाणी बाईंच्या छातीला लागलं होतं. आता त्या बोलल्या. ‘बाबा, खांड बांधली. आता धरते का बघायचं. वर बसून बघू या.’

बाबांनी बांधावर तळवा ठेवला, दाबून बघितला आणि मान हलवली. मग ते स्वतःच्या पायाने वर आले. त्यांच्यामागे बाईंना वर काढायला मात्र चार माणसं आणि दोर लागला. आम्ही सगळे वर बसलो असतानाच पाणी त्या भगदाडावरून गेलं. पण बाबा तेव्हा डोळे मिटून लेकाच्या खांद्याला टेकले होते.

घरी सुगंधाने मोरीत पाणी तापवून ठेवलं होतं. सासऱ्यांना जनार्दनने आंघोळ घातली. बाईंना सुगंधाने स्वतः नेलं, त्यांच्या अंगावरचा चिखल काढला, आपली साडी नेसवली. मग चहा आणला, घरच्या कपात, आणि बाईंपुढे धरून उभी राहिली. सासू समोरच बसली होती. बाईंनी कपाकडे बघितलं, मग सुगंधाकडे. आणि चहा घेतला.

मला वाटलं, संपलं. पण त्या घरातला राग आता कुठे वर येत होता. जनार्दन कपडे बदलून बाहेर आला आणि बाईंसमोर उभा राहिला.

‘चिकल तुम्हीच आनून दिला,’ तो म्हणाला. ‘त्या वासानं गेला तो. दार तुम्हीच उगडं ठेवलंत. आज माजा बाबूस गेला असता.’

‘हो,’ बाई म्हणाल्या.

त्याला वाद हवा होता, निदान सबब तरी. त्याने दुसऱ्या दिवशी ट्रस्टला फोन केला. बाईंना बोलावण्यात आलं, त्यांनी घडलं तसं सांगितलं, आणि त्या गावातला वर्ग बंद झाला. मी त्यांची बाजू मांडायला उठले तर त्या मला म्हणाल्या, सिस्टर, बसा, त्यांचं बरोबर आहे.

गाडी बुधवारी जायची, बाई नसायच्या. बोर्डावरचं नाव मी पुसलं नाही.

पुढची अमावास्या आली. दोन दिवस आधी सुगंधाने बाईंना फोन केला. नवऱ्याला न सांगता. मामांना परत कोंडलंय, ते जेवत नाहीत, दारावर डोकं आपटतात. बाई कोपरीहून रिक्षा, बस असं करत एकट्या गेल्या. हे मला सुगंधाने नंतर सांगितलं. फाटकात जनार्दनच उभा होता. मग बाईंनी त्याला विचारलं की बंगल्याच्या मागची कंपाउंडची भिंत किती लांब आहे.

त्याने त्या भिंतीला चुना मारून घेतला. खाडीवरून पिंपभर चिखल त्याने स्वतः आणला. उधाणाच्या दिवशी बाबांना त्या भिंतीपाशी सोडलं, फाटक बंद, पण वर आभाळ मोकळं. बाबा भरतीबरोबर कामाला लागले. भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातांनी. भरती उतरली तसे थांबले. पुढच्या उधाणाला पाण्याने धुतलेली भिंत परत तयार होती. बाई दर उधाणाला जायच्या, ट्रस्टच्या नव्हे, स्वतःच्या खर्चाने, आणि जनार्दन त्या दिवशी कामं बाजूला ठेवायचा. ढेकळं देणारा माणूस लागायचा ना. बाबा त्याला कधी नावाने हाक मारू शकले नाहीत. ‘चांगल्या हाताचा’ म्हणायचे. चांगल्या हाताच्याला बोलवा.

एकदा तेही चुकलं. भर भरतीत बाबा एकदम चिडले, त्यांनी बाईंना ढकललं आणि बाईंचं मनगट मोडलं. जनार्दन घाबरला, आता बंद करू या म्हणाला. बाई प्लॅस्टर घालून पुढच्या उधाणाला हजर. म्हणाल्या, खांड मोठी असेल, घाई झाली असेल त्यांना.

बाबा आणखी दोन पावसाळे राहिले. शेवटी उठता येईना तेव्हा बाई खाटेपाशी बसून त्यांच्या तळव्यावर ओल्या चिखलाचा गोळा ठेवायच्या. बोटं मिटायची. बाबा गेले ते ओहोटीला, असं सुगंधाने सांगितलं. दहाव्याला बाई आल्या आणि बायकांच्या मागे बसल्या. सुगंधाने त्यांना हाताला धरून पुढे आणलं.

पुढे जनार्दनने ती भिंत प्लास्टर करून पिवळी रंगवली. मला वाईट वाटलं, मी बाईंना तसं म्हटलंही. त्यांना काही वाटलं नाही. म्हणाल्या, भिंत त्यांची आहे, आणि काम झालं.

मी मग माजिवड्याच्या एका हॉस्पिटलमध्ये लागले आणि भेटी कमी झाल्या. गेल्या हिवाळ्यात एका तपासणी शिबिरासाठी मलंगगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यात गेले होते. काम आटोपून गाडीकडे येताना एका पडवीत बाई दिसल्या. केस पूर्ण पांढरे, शेजारी काठी. समोर एक म्हातारी बसलेली, डोळे भेदरलेले, आणि ती दिलेला प्रत्येक कागद टराटरा फाडत होती. घरातली सून कानकोंडी होऊन सांगत होती की हिचं रोज असंच, काही करत नाही, नुसतं फाडते.

बाईंनी एक कोरा कागद उचलला आणि तोही फाडला. सावकाश, सरळ पट्टी. ती खाली ठेवली. दुसरी फाडली, तिच्या शेजारी ठेवली. म्हातारीचे हात थांबले. तिने त्या पट्ट्यांकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि आपल्या हातातला कागद फाडायला घेतला, यावेळी जरा हळू.

मला हाक मारावीशी वाटली, पण ती वेळ नव्हती. ड्रायव्हरने हॉर्न दिला तेव्हा त्या दोघींपैकी कुणीही मान वर केली नाही. गाडीत बसल्यावर काचेतून पाहिलं तर पडवीभर पांढऱ्या पट्ट्या पसरल्या होत्या आणि सून झाडू घेऊन उंबऱ्यात उभी होती. झाडत नव्हती.